फिटिंग किती उंचीवर? प्रकाशयोजनेच्या हिशोबात उंची कुठे आणि कशी धरायची

‘छत उंच आहे, मग दिवे वाढवा’ आणि ‘दिवे निम्म्यावर आणा, उजेड चौपट होईल’ ही दोन वाक्यं कॉन्ट्रॅक्टरांच्या तोंडून कायम ऐकू येतात. पहिलं अर्धंच खरं आहे. दुसरं ज्या खोलीत आठ-दहा फिटिंग (म्हणजे दिवा आणि त्याची बॉडी) आहेत तिथे लागूच पडत नाही. तरी या दोन वाक्यांवर कोटेशनं बनतात, माल येतो, फिटिंग चढतात. मग कुठे मशीनवर अंधार राहतो, तर कुठे डोळ्यांवर तिरीप येते.

उंची हिशोबात तीन वेगवेगळ्या ठिकाणी शिरते: सरासरी उजेडात, दोन फिटिंगमधल्या अंतरात आणि फिटिंगच्या बरोबर खालच्या बिंदूवर. तिन्ही ठिकाणी तिचा परिणाम वेगळा असतो. गोंधळ होतो तो एका ठिकाणचा नियम दुसरीकडे लावल्यामुळे.

लेखभर एकच उदाहरण घेतो. एमआयडीसीतला पत्र्याच्या शेडचा एक गाळा, १८ मीटर लांब, १२ मीटर रुंद, म्हणजे ढोबळ ६० बाय ४० फूट. कैचीचा (पत्रा पेलणाऱ्या सांगाड्याचा) खालचा बार जमिनीपासून ६ मीटरवर, पत्र्याचा माथा ८.३५ मीटरवर. काम मध्यम बारकाईचं, म्हणजे जुळणी आणि पॅकिंग. हवा आहे सरासरी ३०० लक्स (लक्स म्हणजे कामाच्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप).

टप्पा १ : जागेवर जाऊन मोजा

ड्रॉइंगवर दिसणारी उंची बहुधा आर्किटेक्टची असते, मजल्यापासून स्लॅबपर्यंतची किंवा बाजूच्या भिंतीच्या टोकापर्यंतची. त्यावर हिशोब करू नका. लेझर मीटर घेऊन जा आणि या गोष्टी लिहून आणा:

- तयार फरशीपासून कैचीच्या खालच्या बारापर्यंत (किंवा फॉल्स सीलिंगपर्यंत) उंची. फरशी अजून व्हायची असेल तर कोबा आणि लादीची जाडी वजा करा.
- मध्ये येणाऱ्या वस्तू: क्रेनचा गर्डर, डक्ट, केबल ट्रे, फायरचे पाइप, पंख्यांची पाती.
- काम खरोखर किती उंचीवर चालतं ते.
- छत, भिंती आणि फरशी यांचा रंग. नवा पांढरा डिस्टेंपर आणि तेलकट काळपट पत्रा यांच्यामुळे पुढे फिटिंगची संख्या बदलते.

उतरत्या छपरात तीन ठिकाणी मोजा: माथ्याखाली आणि दोन्ही कडांना. जुन्या शेडमध्ये कैच्यासुद्धा एका पातळीत नसतात.

तपासणी: सगळी मापं एकाच एककात आहेत ना? लांबी-रुंदी फुटांत आणि उंची मीटरमध्ये धरलेले हिशोब नेहमी दिसतात. उत्तर तरीही बरं दिसतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. रूम इंडेक्स (खोली किती पसरट किंवा उभट ते सांगणारा आकडा, टप्पा ४ मध्ये येईल) हे गुणोत्तर आहे, त्यामुळे सगळी मापं फुटांत घेतली तरी तो बरोबर येईल. क्षेत्रफळ मात्र चौरस मीटरमध्येच हवं, कारण लक्स म्हणजे चौरस मीटरमागे ल्युमेन, आणि ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप.

टप्पा २ : कामाची पातळी ठरवा

उजेड जमिनीवर मोजायचा की टेबलावर, हे आधी ठरवा. टेबलखुर्चीवरच्या कामाला ०.७५ ते ०.८५ मीटर धरतात. उभ्याने चालणाऱ्या बेंचवर किंवा लेथवर ती पातळी जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत जाते. कॉरिडॉर, जिना आणि पार्किंग इथे जमीन हीच पातळी. गोदामात प्रश्न वेगळाच असतो, कारण तिथे वाचायचं लेबल रॅकच्या उभ्या बाजूवर असतं. आडव्या पातळीची सरासरी तिथे उपयोगी पडत नाही. अशा गल्ल्यांचा हिशोब प्रकाशयोजनेच्या सॉफ्टवेअरमध्ये उभ्या पृष्ठभागावर करावा, आणि हा लेख तिथे थांबतो.

आपल्या गाळ्यात टेबलं ०.८५ मीटरची आहेत. तीच पातळी धरू.

टप्पा ३ : फिटिंगचं तोंड कुठे येईल ते पक्कं करा

हिशोबातली उंची म्हणजे फिटिंगच्या प्रकाश देणाऱ्या तोंडापासून कामाच्या पातळीपर्यंतचं उभं अंतर. पुस्तकं तिला एचएम म्हणतात, आपणही तेच म्हणू. छताची उंची, हुकाची उंची किंवा जमिनीपासूनची उंची म्हणजे एचएम नव्हे.

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश जाऊ. कैचीचा बार ६ मीटरवर आहे. हायबेचं (उंच शेडमध्ये लटकवायच्या मोठ्या फिटिंगचं) हूक, क्लॅम्प आणि बॉडी धरून तोंड बारापेक्षा १५ सेंटिमीटर खाली येतं, म्हणजे ५.८५ मीटरवर. त्यातून कामाची पातळी ०.८५ वजा केली की एचएम ५.० मीटर. साखळीने आणखी दीड मीटर खाली सोडलं तर ३.५ मीटर. आणि कोणी पत्र्याच्या माथ्याचाच आकडा धरला तर ८.३५ वजा ०.८५, म्हणजे ७.५ मीटर. गाळा एकच, पण हिशोबात शिरू शकणाऱ्या उंच्या तीन. पुढे तिन्ही चालवून पाहू.

उंची ठरवताना हे अडथळे पाहा:

क्रेन. ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर फिरणारी) असेल तर फिटिंग क्रेनच्या वरच हवं. तिथे एचएम तुम्ही ठरवत नाही, क्रेन ठरवते. क्रेनच्या आडव्या पुलाची सावली कामावर पडेल, तर खांबांवर बाजूने जादा फिटिंग द्यावी लागतात.

पंखे. अभ्यासिका, वर्ग आणि बँकेच्या शाखांमध्ये हा त्रास हमखास आढळतो. फिटिंग पात्यांच्या वर आणि पंख्याच्या जवळ असलं की पातं फिरताना उजेड तुटत राहतो आणि वहीवर सावल्या नाचतात. सरासरी लक्स बरोबर येतात, तरी मुलं जागा बदलून मागतात. फिटिंग पात्यांच्या पातळीखाली आणा किंवा दोन पंख्यांच्या बरोबर मध्ये घ्या.

उष्णता. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या हवेत हात धरवत नाही. कॅटलॉगमधले ल्युमेन बहुधा २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) किती अंशांपर्यंत चालतो ते डेटाशीटवर लिहिलेलं असतं, ते वाचा. पत्र्याला खेटून लावलेलं फिटिंग मीटरभर खाली घेतलं तर ड्रायव्हर जास्त टिकतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेडमध्ये मी याच कारणासाठी साखळी लावायला सांगतो, उजेडाचा फायदा त्यानंतर.

हात पोचणं. जिथे शिडी पोचत नाही तिथलं फिटिंग पुसलं जात नाही. हे टप्पा ५ मध्ये लागेल.

इशारा: उतरत्या छपराखाली सगळी फिटिंग छताला समांतर लावू नका. मधली उंच आणि कडेची बुटकी झाली की प्रत्येकाचा एचएम वेगळा होतो आणि एका आकड्यावर केलेला हिशोब मोडतो. साखळी किंवा रॉड कमीजास्त करून तोंडं एका पातळीत आणा.

टप्पा ४ : रूम इंडेक्स काढा

रूम इंडेक्स = (लांबी × रुंदी) ÷ (एचएम × (लांबी + रुंदी))

आपल्या गाळ्यात लांबी गुणिले रुंदी २१६, आणि बेरीज ३०.

- एचएम ३.५ : २१६ ÷ १०५ = २.०६
- एचएम ५.० : २१६ ÷ १५० = १.४४
- एचएम ७.५ : २१६ ÷ २२५ = ०.९६

आकडा मोठा म्हणजे खोली पसरट, छोटा म्हणजे खोली उभट. उभट खोलीत फिटिंगमधून निघालेल्या उजेडाचा बराच भाग कामावर येण्याआधी भिंतींवर आपटतो. भिंत पांढरी असेल तर त्यातला काही परत मिळतो, काळपट असेल तर गेला. उंची वाढल्यावर सरासरी घसरते ती या कारणाने. चार-पाच मीटरच्या हवेत उजेड विरून जात नाही.

इशारा: अमेरिकन कॅटलॉगमध्ये रूम इंडेक्सऐवजी रूम कॅव्हिटी रेशो असतो. तो उलट्या दिशेने चालतो. ५ भागिले रूम इंडेक्स केलं की तो मिळतो. आपल्या १.४४ चा तिथे ३.४७ होतो. एका पद्धतीचा आकडा घेऊन दुसऱ्या पद्धतीच्या टेबलात शिरलात तर उत्तर चुकणारच.

टप्पा ५ : युटिलायझेशन फॅक्टर आणि फिटिंगची संख्या

युटिलायझेशन फॅक्टर म्हणजे फिटिंगच्या उजेडापैकी कामाच्या पातळीवर पोचणारा वाटा. फिटिंगच्या डेटाशीटमध्ये त्याचं टेबल असतं: आडवे छत-भिंत-फरशीचे परावर्तनाचे आकडे, उभे रूम इंडेक्स. टेबल त्याच मॉडेलचं हवं. पुस्तकातलं जुनं टेबल मर्क्युरी लॅम्पच्या रिफ्लेक्टरचं असतं, ते एलईडी हायबेला लावू नये. परावर्तनाचे आकडेही प्रामाणिक धरा. ऑफिसचे ७०-५०-२० (छत, भिंत, फरशी, टक्क्यांत) पत्र्याच्या गाळ्याला लावले की फिटिंग कागदावर कमी होतात आणि गाळ्यात कमी पडतात.

उदाहरणापुरतं असं टेबल धरू: रूम इंडेक्स १ ला ०.५८, १.२५ ला ०.६४, १.५ ला ०.६९, २ ला ०.७५. मधले आकडे प्रमाणाने काढायचे. मग आपले तीन फॅक्टर अनुक्रमे ०.७५, ०.६८ आणि ०.५७ येतात. (०.९६ साठी टेबल किंचित खाली वाढवावं लागलं.)

मेंटेनन्स फॅक्टर म्हणजे धूळ आणि वय यांची कपात. स्वच्छ एसी ऑफिसला ०.८, साध्या कारखान्याला ०.७, फाउंड्री किंवा पीठगिरणीसारख्या ठिकाणी ०.६ किंवा त्याहून कमी. उंची इथे मागच्या दाराने पुन्हा आत येते. वर्षातून दोनदा पुसलं जाईल असं फिटिंग आणि बूम लिफ्ट भाड्याने आणल्याशिवाय हात न लागणारं फिटिंग यांना एकच फॅक्टर देऊ नका.

संख्या = (लक्स × क्षेत्रफळ) ÷ (एका फिटिंगचे ल्युमेन × युटिलायझेशन फॅक्टर × मेंटेनन्स फॅक्टर)

एका फिटिंगचे १२,००० ल्युमेन आणि मेंटेनन्स फॅक्टर ०.७ धरून:

- एचएम ३.५ : ६४,८०० ÷ ६,३०० = १०.३
- एचएम ५.० : ६४,८०० ÷ ५,७१२ = ११.३
- एचएम ७.५ : ६४,८०० ÷ ४,७८८ = १३.५

आता सुरुवातीच्या ‘चौपट’वाल्या वाक्याकडे पाहा. एचएम ३.५ वरून ७.५ वर गेला, दुपटीहून जास्त. अंतराच्या वर्गाचा नियम (अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा) इथे लावला असता तर साडेचारपट फिटिंग लागली असती. प्रत्यक्षात वाढ तीसएक टक्क्यांची. याहून मोठा हॉल घेतला, समजा ६० बाय ४० मीटरचा, तर उंचीने सरासरीत पडणारा फरक आणखी कमी होतो, कारण भिंती दूर असतात आणि एका फिटिंगचा निसटलेला उजेड शेजारच्या फिटिंगच्या हद्दीत उपयोगी पडतो.

तपासणी: ल्युमेन फिटिंगचे घेतलेत की आतल्या चिपचे? डेटाशीटवर दोन्ही असू शकतात. हिशोबात फिटिंगमधून बाहेर पडणारे ल्युमेन येतात.

टप्पा ६ : अंतर आणि उंचीचं गुणोत्तर

एचएम ५.० साठी ११.३ आले. ते खाली ११ करू नका, वर जाऊन मांडणीत बसणारा आकडा घ्या: १२, म्हणजे लांबीत ४ आणि रुंदीत ३. मधलं अंतर १८ ÷ ४ = ४.५ मीटर आणि १२ ÷ ३ = ४ मीटर. भिंतीपासून पहिलं फिटिंग याच्या निम्म्यावर, २.२५ आणि २ मीटर. भिंतीला लागून बेंच असतील तर निम्म्याऐवजी एक-तृतीयांश ठेवा, म्हणजे माणसाची स्वतःची सावली कामावर कमी पडते.

आता अंतर भागिले एचएम. डेटाशीटमध्ये याची कमाल मर्यादा दिलेली असते. आपल्या फिटिंगची १.० आहे असं धरा.

- एचएम ५.० : ०.९ आणि ०.८. चालतं.
- एचएम ३.५ : १.२९ आणि १.१४. मर्यादा ओलांडली.

फिटिंग खाली घेतल्यावर सरासरी वाढते, पण उजेड ठिपक्याठिपक्यांत पडतो. ‘खाली घेतलं की बरं’ म्हणणारा हा भाग पाहत नाही. कागदावर १०.३ म्हणजे कमी फिटिंग दिसतात, पण त्या उंचीवर तीच फिटिंग दूर-दूर लावता येत नाहीत. मग एक तर जास्त पसरट बीमचं (प्रकाशाच्या झोताचं) मॉडेल घ्या, किंवा कमी ल्युमेनची जास्त फिटिंग घ्या.

बीमचा अंदाज झटकन घ्यायला: ६० अंशांच्या बीमचं वर्तुळ एचएमच्या सुमारे १.१५ पट व्यासाचं, ९० अंशांचं २ पट, १२० अंशांचं जवळजवळ साडेतीन पट. एचएम ३.५ आणि बीम ६० असेल तर वर्तुळ जेमतेम ४ मीटरचं, आणि अंतर आहे ४.५. मध्ये पट्टा फिका राहणार हे कॅल्क्युलेटर न काढताही कळतं. उलट १० मीटरच्या शेडमध्ये १२० अंशांचं फिटिंग लावलं तर बराच उजेड भिंती रंगवण्यात जातो.

टप्पा ७ : खालचा बिंदू आणि डोळ्यांवरची तिरीप

अंतराच्या वर्गाचा नियम लागतो तो इथे. एका फिटिंगच्या बरोबर खाली, फक्त त्या एकाच फिटिंगमुळे पडणारे लक्स = मध्य कँडेला (सरळ खालच्या दिशेतली प्रकाशाची तीव्रता) ÷ एचएमचा वर्ग. मध्य तीव्रता ६,००० कँडेला असेल तर ५ मीटरवर २४०, साडेतीन मीटरवर ४९०. तिरक्या बिंदूसाठी त्या कोनातली कँडेला घेऊन कोनाच्या कोसाइनच्या घनाने गुणा आणि एचएमच्या वर्गाने भागा. शेजारच्या फिटिंगचं त्यात मिळवा. चार फिटिंगच्या मधल्या बिंदूवर किती येतं ते पाहा. तो आकडा सरासरीच्या ०.६ च्या खाली गेला तर मांडणी बदला.

तिरिपीचंही पाहा. बसलेल्या माणसाचा डोळा साधारण १.२ मीटरवर असतो. फिटिंग त्याच्या जितकं जवळ तितकं ते नजरेच्या रेषेत येतं. कार्यालयात यूजीआर (तिरीप किती त्रास देते ते सांगणारा आकडा) १९ च्या आत ठेवायचा असतो. हायबे ४ मीटरच्या खाली लटकवायची वेळ आली तर ते फिटिंगच चुकीचं निवडलं आहे असं समजा आणि लिनियर (लांब पट्टीचं) किंवा डिफ्यूझरवालं घ्या.

इशारा: सॉफ्टवेअरमध्ये माउंटिंग हाइट जमिनीपासून द्यायची असते. तिथे एचएमचा ५.० टाकला तर फिटिंग ८५ सेंटिमीटर खाली बसतं आणि रिपोर्ट फुकटचा गोड येतो. ५.८५ टाका. कामाची पातळी वेगळ्या रकान्यात असते, तिथे ०.८५ आहे का पाहा.

टप्पा ८ : लावल्यावर लक्स मीटरने मोजा

सूर्य मावळल्यावर, फिटिंग अर्धा तास चालू ठेवून, मीटर कामाच्या पातळीवर आडवा धरून मोजा. हातात धरलेल्या मीटरवर स्वतःचीच सावली पडते, म्हणून स्टँड वापरा किंवा बाजूला सरका. रूम इंडेक्स १ ते २ असेल तर किमान १६ समान चौकोनांच्या मध्यावर रीडिंग घ्या. हे चौकोन फिटिंगच्या मांडणीशी जुळता कामा नयेत. आपल्याकडे फिटिंग ४ बाय ३ आहेत, तर चौकोन ५ बाय ४ करा. नाहीतर प्रत्येक रीडिंग बरोबर फिटिंगच्या खाली येतं आणि सरासरी फुगते.

बारा फिटिंग, एचएम ५.०, नवीन आणि स्वच्छ असताना सरासरी सुमारे ४५० लक्स यायला हवी. मालक म्हणेल, ३०० मागितले होते, ४५० कशाला, दोन फिटिंग काढून टाका. काढू नका. ०.७ चा मेंटेनन्स फॅक्टर लागून धुळीनंतर हे ३१७ पर्यंत उतरणार आहेत. नव्या फिटिंगवर नेमके ३०० दिसले तर काहीतरी चुकलंय. तेव्हा सर्वांत आधी टेप घेऊन तोंडाची उंची पुन्हा मोजा. हिशोबात साखळी होती आणि वायरमनने फिटिंग थेट बाराला आवळलं, हे अनेकदा सापडतं.

घरात हे कसं वापरायचं

फ्लॅटमध्ये उंचीचा फरक सेंटिमीटरचा असतो, तेव्हा सरासरीची चिंता सोडा. फॉल्स सीलिंगने १५-२० सेंटिमीटर खाल्ले तरी लक्समध्ये जाणवण्याइतका फरक पडत नाही. जाणवतो तो जागेचा फरक. स्वयंपाकघरात मधल्या दिव्याचे ल्युमेन कितीही वाढवा, ओट्यासमोर उभ्या माणसाची सावली पातेल्यात पडणारच. तिथे वरच्या कपाटाच्या तळाला, पुढच्या कडेशी पट्टी लावा. तिचा ओट्यापासूनचा एचएम ५०-६० सेंटिमीटर भरतो, त्यामुळे थोड्या वॅटमध्ये काम होतं. पट्टी मागच्या भिंतीला टेकवली तर टाइल्स उजळतात आणि विळीवरचा कांदा अंधारात राहतो.

जेवणाच्या टेबलावरचा लटकता दिवा टेबलापासून ७५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा आणि उंची एकदा खुर्चीत बसून तपासा. बल्ब डोळ्यांत येत असेल तर शेड खोल घ्या. दिवा वर नेऊन हा प्रश्न सुटत नाही, उलट बल्ब आणखी उघडा पडतो.

पुढे कधी गाळ्यात पोटमाळा टाकला, रॅक वाढवले किंवा फरशीवर नवा थर दिला तर टप्पा २ पासून पुन्हा सुरुवात करा. माळ्यावरच्या माणसाचा एचएम वेगळा, माळ्याखालच्याचा वेगळा, आणि आधीची १२ फिटिंग दोघांपैकी कोणाच्याच हिशोबाची नसतात.